खिडकीजवळची खाट

बोरगाव, ता. सौंसर
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

ती. मनोहरदादास,
धाकट्या बहिणीचा जयभीम. वि. वि.

नाव ठेवाले आत्या पायजे अन् कॉलेज ठरवाले नको काय? पाळण्यावर वाकून प्रणालीच्या कानात तिचं नाव मी सांगतलं होतं. आता ती नर्सिंगले कुठं चालली हे मले संत्र्याचा गाडीवाला सांगून राहिला! तुले फोन केला की अर्धं ऐकून कट करते, म्हणून लिहून राहिली. बसवाल्याच्या हाती देते. चौथीतून उठलेल्या बाईचं अक्षर आहे. हसाचं असन तं वहिनीनं हसावं, तू नको.

शीतलले पोरगा झाला, आपल्या घरी नातू आला, हे तुले कळलंच असन. कसा आला ते नाही कळलं. सुनेजवळ कोणी पायजे म्हणून सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मले आत उभं राहू दिलं होतं. पोरगं बाहेर आलं ते जांभळाच्या रंगाचं, ओल्या फडक्यासारखं लोंबून राहिलं होतं. रडे ना. डॉक्टरबाई दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनमध्ये. दामिनी सिस्टर एकटी. तिनं पोराले पुसलं, पाठ चोळली, तोंडातलं ओढून काढलं. तरी काही नाही. मंग एवढासा रबरी मुखवटा त्याच्या नाकातोंडावर धरला अन् फुगा दाबत गेली. घाई नाही, ओरडणं नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजून राहिली होती. दादा, कापूस वेचण्यात माह्या हातासारखा हात गावात नाही म्हणतात. पण त्या बाईचे हात पाहून मले माहे हात लाकडाचे वाटले. पोराची छाती आपल्या आपण हलली. पहिले ओठ लाल झाले, मंग गाल, मंग असा रडला की मी बी रडली. मी सिस्टरपुढं हात जोडून उभी, तं ती म्हणे मावशी उजेडातून बाजूले व्हा.

दुसऱ्या दिवशी मी तिले इचारलं, बाई हे कुठं शिकली. ती म्हणे चार वर्षं डिग्री, खऱ्या पेशंटवर, मागं मॅडम उभी. अन् डिग्री झाल्यावर बी लगेच नाही. भोपाळले नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरात नाव चढते, तवा कुठं सुई हातात घेता येते. माह्या अंगावर काटा आला. एका रजिस्टरात नाव चढते अन् परक्याच्या लेकराच्या श्वासाले हात लावाचा हक्क भेटते!

तं मले एवढंच सांग, कोणतं कॉलेज? त्याले यंदाची मान्यता आहे काय, अन् पोट्ट्या कोणत्या दवाखान्यात शिकतात? अन् नागपूर काऊन नाही? नागपूर तं आपलंच आहे.

रागावला तरी चालन, गप्प बसू नको.
तुझी
मंगला


पांढुर्णा
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

चि. मंगलास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. हसलो नाही. वहिनी हसली, पण नातवाच्या श्वासाचं वाचताना तिनंच कागद माझ्या हातात दिला आणि आत गेली. बाळाला माझा गोड पापा दे. शीतलला डिंकाचे लाडू पाठवून राहिलो. सगळे तू खाऊ नको.

नागपूरचं ऐक. आपली बोली तिथली, सोयरे तिथले, दीक्षाभूमी तिथं, म्हणून आपण नागपूर आपलंच समजतो. मीही तसंच समजलो आणि प्रणालीला घेऊन गेलो. तिथल्या प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, काका, हे तर मध्यप्रदेशचे. इथल्या सरकारी जागांना महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो. साठ वर्षं झाली आजोबांना इकडे येऊन, पण हद्द ओलांडली हे मला त्या खिडकीत कळलं. नगरपालिकेत मी लोकांना दाखले देत बसतो, तू टोमणा मारायच्या आधी मीच सांगतो.

राज्याची परीक्षा प्रणालीनं दिली, पास झाली. नंबर लागला जबलपूरच्या सरकारी कॉलेजात. जबलपूर! तिथं आपलं कुत्रं ओळखीचं नाही. एकटी पोरगी चार वर्षं टाकायची? मग आपल्या ओळखीच्या विनोदनं हायवेवरचं खाजगी कॉलेज सुचवलं. रोज घरून जाऊन येता येईल.

आणि मी डोळे मिटून ठरवलं नाही. गेल्या शनिवारी विनोद आम्हाला घेऊन गेला. मंगला, काय इमारत आहे! काचेचे दरवाजे, पाय ठेवायला भीती वाटावी अशी फरशी. कॉलेजचा स्वतःचा दवाखाना, आणि एक खाट रिकामी नाही. शिकाऊ पोरी पांढऱ्या कपड्यात, प्रत्येक पेशंटजवळ एक. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई तोंडावरून चादर घेऊन पडली होती, हाताला सलाईन, कण्हण्याचा बारीक आवाज. मला आपली आई आठवली. मी तिथंच हात जोडले. आपली पोरगी अशांची सेवा करील, आणखी काय पाहिजे?

गुरुवारी, तेरा तारखेला, मूळ मार्कशीट आणि टीसी तिथं जमा करतो. जबलपूरला हजर व्हायची शेवटची तारीखही तीच. ती जागा मग जाईल, जाऊ दे.

तुझी माया अशीच तिखट राहू दे, पचवायची सवय आहे.
मनोहर

ता. क. आत्या, जयभीम. बाबा म्हणाले दोन ओळी तू लिही. बाळाला मी मोबाईलवर पाहिलं, फार गोड आहे. जबलपूरचं हॉस्पिटल खूप मोठं आहे म्हणतात. मी नुसताच नकाशात रस्ता पाहिला. बाबांना जे बरं वाटेल ते बरोबरच असेल. तुझी प्रणाली


बोरगाव
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. मनोहरदादास,
जयभीम. बाकीचं कुशल मंग.

दादा, ती बाई मी होती.

पाणी पी अन् पुढं वाच. कापूस वेचाले नेणारा आपला तुळशीराम ठेकेदार तू गेला त्याच्या आदल्या शुक्रवारी म्हणे, उद्या वेचणी नाही, तब्येत तपासाचं शिबीर आहे, रोजी बी भेटन, जेवण बी. बोरगावच्या अन् रामाकोन्याच्या आम्ही बाया जीपमध्ये कोंबून नेल्या. तिथं गेल्यावर समजलं की हायवेवरच्या त्याच कॉलेजची तपासणी आहे, साहेब लोक खाटा मोजाले येणार. आम्हाले झोपवलं. बाटली टांगली, नळी हातावर चिकटपट्टीनं चिकटवली, सुई नाहीच. तोंड भिंतीकडं करून डोळे मिटा म्हणे, कोणी आलं तरी बोलाचं नाही. अन् मी कण्हत नव्हती दादा, मी घोरून राहिली होती. तू माह्या झोपेले हात जोडले.

घरी येऊन पाच दिवस मी हे सांगून सांगून हसली, की झोपाची मजुरी भेटली. तुझं पत्र वाचलं अन् हसू गेलं. कारण तू आलता त्याच्या आधीचं एक मी कोणाले सांगतलं नाही. माह्याजवळ जी शिकाऊ पोट्टी उभी केली होती, प्रणालीच्याच वयाची, तिनं माहा हात बीपी पाहाले धरला. तिची बोटं थंडगार. पट्टा बांधे, सोडे, पुन्हा बांधे. मंग कानाशी येऊन म्हणे, मावशी, माहं तिसरं वर्ष आहे, पण तुम्ही माह्या पहिल्या पेशंट आहे. मी म्हटलं, बाई, मी बी पेशंट नाही. आम्ही दोघी चादरीआड हसलो. मंग ती हसता हसता डोळे पुसत राहिली, अन् माहा हात सोडे ना.

तू भारावला त्यात तुझं चुकलं नाही. मी बी भारावली होती, एवढी पांढरी चादर मी जन्मात पांघरली नाही. पण जे सौंसरच्या दवाखान्यात मोडक्या टेबलापाशी पाह्यलं, ते मोठं होतं दादा. त्याच्यापुढं तुह्या काचेच्या दरवाज्यात काही नाही.

दामिनी सिस्टरले कॉलेजचं नाव सांगतलं. तिनं मोबाईलवर मान्यतेची यादी काढली, यंदाच्या यादीत ते नाही. ती म्हणे मान्यता नसन तं चार वर्षानंतर कौन्सिल नाव चढवत नाही, अन् इथं चढलं नाही तं कोणत्याच राज्यात चढत नाही. अन् जबलपूरहून शिकली तं भोपाळले नाव चढन, पुढं नागपूरले नोकरी करावी वाटली तं इथून ना-हरकत घेऊन तिथं बी चढवता येते. म्हणजे तुह्या खिडकीतल्या बाईनं जिथून परत धाडलं, तिथं पोट्टी एक दिवस सिस्टर बनून जाऊ शकते. मले तं हे ऐकूनच छाती भरून आली.

अन् प्रणाली नकाशात रस्ता पाहून राहिली, हे तुले दिसलं नाही काय? बापाले नाही म्हणत नाही ती, हिंमत होत नाही तिची. माही होते. एकटी काऊन जाईन ती? मी जाते संगं. होस्टेल पाहीन, संडासची कडी लागते की नाही पाहीन, जेवण चाखीन, तिथल्या वॉर्डात खरे पेशंट आहेत की माह्यासारखे ते माह्यापेक्षा कोण ओळखन? चार दिवस कापूस झाडावर राहिला तं काही बिघडत नाही. शीतलले संदीप पाहून घेईन, बाप झाला आहे आता.

मार्कशीट अन् टीसी त्या कॉलेजात जमा करू नको. बुधवारी सकाळी सौंसरहून निघालो तं गुरुवारच्या आत पोचतो. म्हणून मले मंगळवारी दिवेलागणीच्या बसवाल्याच्या हाती तुझं उत्तर पायजे. दोन ओळी पुरे. हो असन तं लिहूच नको, सगळे कागद घेऊन पोट्टीलेच त्या बसमध्ये बसवून दे.

लोभ मंग, पहिले उत्तर. मंगळवारी.
तुझी
मंगला