वैद्याला सुट्टी नाही

४ नोव्हें., मंगळ.
पुन्हा तीच रड. आमच्या ऑनलाइन खेळात वैद्य मिळत नाही. ढालकरी, तिरंदाज, मांत्रिक व्हायला सगळे एका पायावर तयार. टोळीतल्या बाकीच्यांच्या जखमा भरणारा वैद्य कोण होणार म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. टोळ्या गडाच्या दाराशी ताटकळतात आणि शिव्या कंपनीला घालतात.
पुण्याहून केतनचा फोन. आमचा टीम लीड. खेळाडूंना घ्यायला एक नवा पेशा आणायचा, बाकीच्या पेशांशी त्याच्या ताकदीचा समतोल मी बसवायचा. आणि मग सहज म्हणाला, "हे नीट झालं की तू इकडे ये. टीम तुझी. पण घरून नाही चालणार." उत्तर २४ तारखेपर्यंत.
माझी टीम! दिवसभर डोक्यात तेच. बाबांना बोलले नाही.

५ नोव्हें., बुध.
सकाळी बाबांचं अंग पुसणं, मालिश, गोळ्या. मग मीटिंग. मध्येच उठून वरण-भात कालवला, भरवला. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात नुसता मांडीवर पडलेला असतो. बोलणं आता पुष्कळ स्पष्ट आहे, टोमणे तर अगदीच.
"तुया त्या गेममंदी आज कोन मेलं?"
"सगळेच मेले, बाबा."
"बरं झालं. आता तूबी जेवून घे."

७ नोव्हें., शुक्र.
नव्या पेशाचं नाव सारथी. अर्धा लढवय्या, अर्धा वैद्य. लढता लढता शेजाऱ्याची जखम बांधू शकतो. म्हणजे वैद्यावरचा भार वाटला जाईल. केतन खूश. मीही. खूप दिवसांनी आपल्याच डोक्याचं कौतुक वाटलं.

९ नोव्हें., रवि.
नागपूरहून दादा आला. महिन्यातून एकदा येतो, सोनपापडीचा डबा घेऊन. बाबांना बुद्धविहारात घेऊन जा म्हटलं, तर म्हणे गाडीत बसवताना पडले-बिडले तर? "तुले सवय हाय शुभे, मले नाई जमत." बाबा नवा पांढरा शर्ट घालून बसले होते. शेवटी मीच तो उतरवला.
पुण्याचं सांगितलं. दादा खरंच आनंदला, पाठ थोपटली. आणि लगेच, "पन मंग बाबांचं कसं? तू हायेस म्हनून मले टेन्शन नसते."
माझ्या नोकरीला हा "घरीच तं असते" म्हणतो. संताप आला. चहा मात्र केला.

१२ नोव्हें., बुध.
सारथीची चाचणी. चाचणीला बसवलेल्या पोरांनी सारथी घेतला, धावून धावून घेतला. आणि फक्त लढले. जखम बांधायचं बटण एकानेही दाबलं नाही! शेजारी मरतोय, हा तलवार फिरवतोय. वर ओरडा, वैद्य कुठाय, वैद्य झोपला का. वैद्य मीच झाले होते. बोटं दुखली.
केतन म्हणाला, "सारथीची मलमपट्टी अजून जोरदार कर." केली. तरी तेच.

१४ नोव्हें., शुक्र.
सुचलं. दोष सारथीत नाहीच. वैद्य फार चांगला आहे. हाक मारायच्या आत पोचतो, मग दुसरा कशाला हात हलवेल? वैद्याचा उपचार हळू केला, मुद्दाम. पहिल्या खेपेला सगळी टोळी मेली, मला मनसोक्त शिव्या पडल्या. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्यांदा एका सारथीने शेजाऱ्याला पट्टी बांधली. कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीत टाळी वाजवली, तर आतून बाबा, "काऊन वं, काय झालं?"

१६ नोव्हें., रवि.
दादाला फोन केला. येत्या शनिवारी ये, मी मावशीकडे पुलगावला चालले. का म्हणाला. सहज म्हटलं. माझ्याच घरून बाहेर पडायला मी कारणं शोधते आहे.

२२ नोव्हें., शनि.
गेले. मावशीने भाकरी-पिठलं केलं, माझं अर्धं लक्ष फोनवर. दादाचा पहिला फोन, "बी.पी.ची गोळी कुठी हाय?" सांगितलं. दुसरा, "बाबा जेवत नाई, तूच भरवतं म्हने." हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, जमेल तुला, आणि फोन कापला. तिसरा उचललाच नाही. फोन ताटाशेजारी थरथरत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. मावशी म्हणाली, "उचल ना वं पोरी, काई झालं असन." पुढे जेवण गेलं नाही. मिळाली ती बस धरली.
घरी बोरगावला पोचले तर दार उघडं, दादा व्हरांड्यात, तोंड उतरलेलं. म्हणाला, "मी भरवाले गेलो तं चमचा हिसकला माया हातातून."
आत बाबा. डाव्या हाताने जेवले होते. वरण शर्टवर, चादरीवर, मिशीत. ताट रिकामं.
"पाह्य," म्हणाले. एवढंच.
मला हसायला यायला हवं होतं. रडू आलं. दीड वर्ष हा डावा हात इथेच होता. मी त्याला कधी ताटापर्यंत जाऊच दिलं नाही. आणि खरं लिहायचं तर वाईट याचंही वाटलं, की माझ्यावाचून जेवले.

२३ नोव्हें., रवि.
दादा सकाळी बाबांना विहारात घेऊन गेला. घाबरत, पण गेला. येताना दोघे कुणावर तरी हसत आले. निघताना मला म्हणाला, "पंधरा दिवसाले येत जाईन. बाई पाहू एखादी दिवसाची. पन रोजचं नाई सांगत शुभे, खोटं काऊन बोलू." निदान खोटं बोलला नाही.
बाबांना पुण्याचं सांगितलं. ऐकून घेतलं. मग, "गाडी केव्हाची हाय?"
मी म्हटलं, अजून होकार कळवला नाही.
"काऊन?"
ताट वाढून आणलं, समोर बसले. भात कालवला, वरण घातलं, गुठळ्या मोडल्या. बाबांनी डावा हात पुढे केला, वाट बघितली.
"चमचा दे ना वं."
चमचा माझ्या हातात होता. भरलेला.