कृष्णाजीने सांगितलेला शेवट

म्हैसूर, ८ मार्च १९१४

तीर्थस्वरूप आईच्या चरणी त्रिंबकचा साष्टांग नमस्कार. मी व नर्मदा खुशाल आहोत. गुडघ्याला तेल लावतेस ना?

काल नर्मदेच्या आग्रहावरून तिला तंबूत हलती चित्रे पाहण्यास नेले. कथा फ्रान्समधली, आपल्या नर्मदेसारखीच एक तरुण विधवा आणि तिच्या भावाचे घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर. पडद्यावर फ्रेंच मजकूर उमटे आणि कृष्णाजी नावाचा रंगाऱ्यांच्या घरातला तरुण त्याचा अर्थ मोठ्याने सांगे.

शेवटी तो म्हणाला, "बाई भावाच्या घरी परतली."

मला राहवले नाही. मी उभा राहून गरजलो, "चूक! दोघांनी लग्न केले आणि त्यात काहीही गैर नव्हते, असे लिहिले आहे!" तंबूभर टाळ्या पडल्या.

आज सकाळी तोच कृष्णाजी दारात. "स्वामी, यात गैर नाही, हे काल तुम्हीच चारचौघांत सांगितलंत. नर्मदाबाईंना मागणी घालायला आलोय." वर अस्खलित फ्रेंचमध्ये माझे आभार मानले!

नर्मदा आतून विचारते, "दादा, कॉफी दोघांना करू ना?"

ह्या घरात फ्रेंच मी केवळ नर्मदेला शिकवले आहे, मग ते त्याला कोठून आले? चूक ऐकून मी गप्प बसत नाही, हे त्याला कोणी सांगितले असेल?

तुझे मत लवकर कळव. नकार द्यायचा तर माझे भाषांतर चुकले होते, असे मला म्हणावे लागेल. आणि ते चुकलेले नाही.

तुझा आज्ञांकित,
त्रिंबक