फोटोतलं कोकरू कुठं गेलं?

आप्पा,

रागावू नका, पण आज तुमचा फोटो घरी आला आणि मी तो भिंतीकडे तोंड करून उभा केलाय. दादा हातोडी घेऊन तयारच होता. खिळाही ठोकला त्यानं. पण फोटो काही मी लावू दिला नाही. आता तो न जेवता रानात निघून गेलाय, आई चुलीपुढे बसलीय आणि मी ओसरीत बसून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहू? त्या दिवशी तिथं तुम्ही होता आणि मी होते.

आठवतंय ना? तुमची मेंढरं खतासाठी सिरसाळ्याच्या एका रानात बसवली होती. माझं सासर तिथलंच, म्हणून मी भाकरी घेऊन आले होते. तुमची लाडकी मेंढी सडकेच्या कडेलाच व्यायली. पहिलटकर होती. वारं असं बोचरं सुटलेलं, कोकरू ओलंचिंब, थरथरतंय. तुम्ही इकडंतिकडं बघितलं, डोक्याचा पटका सोडला आणि त्यात कोकरू गुंडाळलं.

मी चमकलेच! तुम्हाला उघड्या डोक्यानं मी एकदाच बघितलं होतं, आजी गेली तेव्हा. आपल्यात घरात मयत झाल्याशिवाय बाप्या माणूस चारचौघांत पटका उतरवत नाही. तुम्ही हसून म्हणालात, "आगं, मेल्यावर सोडत्यात, मग जल्मल्यावर कावून सोडू नये?"

तेवढ्यात ती जीप थांबली. पुण्याचा फोटोवाला उतरला, गळ्यात हा एवढा कॅमेरा. माणसांचे, पाखरांचे, रानातल्या जनावरांचे फोटो काढत फिरतो म्हणाला. आणि आप्पा, तुम्हाला वाटलं तो कोकराचा फोटो काढायला आलाय! मेंढरात जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? तुम्ही कोकरू उचलून त्याच्यापुढं धरलंत. "माझं काय बघायलाव सायब, ह्याचं तोंड येऊ द्या नीट. लई गुणाचं हाय." स्वतःच्या उघड्या डोक्याची तुम्हाला आठवणही राहिली नाही. आपण फोटोत नाहीच, असंच तुम्ही धरून चाललात.

मग परळीच्या वीजकेंद्राकडून राखेचा हायवा ट्रक आला, राख उडवत गेला. तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात कोकरात गुंतलेले, पुसणार कशानं? तरी तुम्ही हसतच होता, ते तुमचं वेडंवाकडं तोंड करून. त्यावरून आई तुम्हाला किती चिडवायची!

तेवढं त्यानं टिपलं. तुम्ही त्याला चहा पाजलात, मेंढीचं दूधही घ्या म्हणालात.

तुम्ही गेलात आणि थोड्याच दिवसांत बातमी आली, त्या फोटोला परदेशात मोठं बक्षीस मिळालं. मोबाईलवर फोटो बघितला आणि माझं डोकंच फिरलं. काळापांढरा केलेला. गळ्यापाशी कापलेला. नुसतं तुमचं उघडं डोकं, भरलेले डोळे आणि वेडंवाकडं तोंड. नाव काय दिलं, तर 'शोक'. खाली लिहिलेलं, दुष्काळात सारा कळप गमावलेला मेंढपाळ.

कळप गमावलेला! अहो, तुमच्या पाठीशीच मेंढरं चरत होती! पाहुण्यांचे फोन यायला लागले. चुलतभाऊ दादाला म्हणाला, "कवा मेली बे मेंढरं? आमाला सांगितलं बी न्हाई!" एकेकाला समजावता समजावता दादा थकला. शेवटी म्हणाला, जाऊ दे, आप्पांचं नाव तर झालं. माझं नाही जात, आप्पा.

वर्षश्राद्धाला सरपंचांनी गावात कार्यक्रम ठेवला. मंडपात तुमचा तोच फोटो, दरवाजाएवढा. फोटोवाला आला, सत्कार झाला. शाल, नारळ, आणि डोक्याला भगवा फेटा! वर तुमचं डोकं उघडं आणि खाली तो फेटा बांधून बसलेला. कुणालाच काही वाटलं नाही का?

आईला वाटलं. हार घालायला बोलावलं, तर ती हार हातात घेऊन उभीच राहिली. "डोकं उघडं हाय ह्यांचं. मी असल्या फोटूला हार घालणार न्हाई." सरपंच हसले, "वैनी, बक्षीस मिळालंय त्याला."

"मिळू द्या की. तुमी ह्यांचा पटका उतरवून ह्या सायबाला बांधलाव."

मग मी उठले आणि त्याला सरळ विचारलं, "कोकरू कुठाय?"

तो म्हणाला, "ताई, कोकरू असलं की लक्ष तिकडे जातं. फोटो चेहऱ्याचा आहे, भावनेचा आहे."

"कुणाच्या भावनेचा? माझा बाप हसत होता!"

फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला आणि मोबाईलमधून अख्खा फोटो शोधून आईपुढं धरला. रंगीत. पटक्यातून कोकराचं काळं तोंड बाहेर आलेलं, मागं मेंढरं, तुमचे हात. आई बघतच राहिली. म्हणाली, "हसायलेत की वो हे! राख गेली वाटतं डोळ्यात." तिला कुणी सांगितलं नव्हतं. एका नजरेत ओळखलं तिनं!

हा फोटो पाठवतो, असं त्यानं तिच्या पायाला हात लावून सांगितलं. नाही पाठवला. फोन केला की कामात असतो. का नाही पाठवत, हे न कळण्याएवढी मी खुळी नाही. कोकरू बाहेर आलं की शोक खोटा पडतो. आणि आज सरपंचांनी मंडपातला तोच फोटो लहान करून, काचेत बसवून घरी धाडला. घ्या, पूजा करा!

एक विचारू, आप्पा? तुम्ही दिसेल त्याच्यावर इतका विश्वास कावून टाकलात? माझंही तोंड येऊ द्या, एवढं तरी म्हणायचं होतं. जन्मभर मेंढरांना पुढं घालून आपण मागं चालायचं, ही तुमची सवय. फोटोतही तेच केलंत. त्यानं पुढचं कापलं आणि मागचं ठेवलं.

ते कोकरू आता मोठी मेंढी झालंय, गाभण आहे. तुमचा पटका आईनं किती वेळा धुतला, पण तिच्या जन्माचा डाग काही गेला नाही. दादानं ठोकलेल्या खिळ्याला मी आत्ताच तो पटका अडकवलाय. कोकरासकट तुमचा अख्खा फोटो येईपर्यंत आणि बक्षिसाच्या फोटोखाली लिहिलेलं खोटं पुसलं जाईपर्यंत तिथं दुसरं काही लागणार नाही. येत्या आठवड्यात मी पुण्याला जातेय, त्याच्या दारात बसायला. आई म्हणतीय, मी बी येते.

मेंढी व्याली की पटका खाली काढीन. पिल्लू गुंडाळायला लागेल ना!

तुमची,
शांता