गाणं जिथं तुटायचं

शनिवार संध्याकाळ, पार्सिपनी, अमेरिका

आज, कॉलेजात ज्याची गाणी आम्ही वाजवायचो त्या ब्रिटिश गॅरेज रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची रेकॉर्ड घरी आली. तिसरं गाणं लावलं आणि मी उडालोच. ते संपेचना! हॉस्टेलवर डाउनलोड करताना लोडशेडिंग झालं होतं, त्यामुळे आमच्याकडचं गाणं मध्येच तुटायचं. आम्हाला वाटलं, हीच यांची स्टाइल. कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या बँडनं ते वाजवलं, तेव्हाही आम्ही तिथंच धाडकन थांबलो. टाळ्या काय पडल्या! आता लाज वाटायला हवी का?

नागपूरला उजाडलं होतं, म्हणून आमच्या तेव्हाच्या ड्रमरला, संज्याला फोन करून उरलेलं मिनिटभर ऐकवलं. म्हणाला, "अबे, उगाच लांबवलंय यार."

खरंच की. गाणं पुन्हा लावलं आणि आमच्या जागेवर सुई उचलली. टाळ्या तिथंच तर पडल्या होत्या.