ब्राझीलचा बॅक

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तो ब्राझीलचा बॅक माझ्या डोक्यातून जात नाही. गणपतीच्या दिवशी मी त्याला दारातून परत पाठवलं, त्याबद्दल लिहितोय.

२००५ साली तुम्ही आयर्लंडमध्ये, कॉर्कला आमच्याकडे तीन महिने राहिलात. मी रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात साहेब, आणि तुम्ही दिवसभर घरात कंटाळलेले. मग कोपऱ्यावरच्या फुटबॉलच्या मैदानात तुम्हाला तो भेटला. चाळिशीतला, गुडघ्याला पट्टा, मांसाच्या कारखान्यात कामाला. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला जेमतेम. तरी आठवड्याभरात तुम्ही त्याची सगळी कारकीर्द काढून घेतलीत: गावातला लहान क्लब, मग मोठ्या शहरातला, दोन हंगाम नुसते बाकावर, तिसऱ्यात जागा मिळाली आणि गुडघा गेला. स्वयंपाकघरात ओट्यावर लिंबं मांडून तुम्ही मला त्याचा खेळ दाखवलात. "गडी डोळ्यांनी खेळतोय रं. पळायची गरजच पडत न्हाई त्याला." कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून उभी जवानी बचावाला, बॅक म्हणून खेळलेल्या माणसाचं हे कौतुक.

तुम्ही त्याला मोदक खायला बोलावलंत, मला न विचारता. त्याच दिवशी माझे पुण्याचे सहकारी बायकामुलांसह येणार होते. तो इस्त्रीचा शर्ट घालून, फुलं घेऊन आला. तुम्ही आत आरतीचं तबक लावत होता. मी दार अर्धं लोटून घेतलं आणि सांगितलं, वडील झोपलेत, बरं नाही त्यांना. "ग्रँड, ग्रँड," असं तिथल्या लोकांसारखं 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत फुलं माझ्या हातात देऊन तो गेला. गाई कापणारा माणूस गणपतीला कसा चालेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं होतं. पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटत होती. तुम्ही त्याच्यासाठी शेवटपर्यंत जेवायचे थांबलात. "आलाच न्हाई बघ," म्हणालात. मी मोदक खात राहिलो.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला मैदानावर सोडलं. त्याने आल्या आल्या गालाखाली हात धरून झोपेची खूण केली आणि भुवया उंचावल्या, आता बरं आहे का म्हणून. तुम्ही वळून गाडीकडे, माझ्याकडे पाहिलंत. मग कपाळावर हात ठेवून ताप होता असं त्याला दाखवलंत, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून चालू लागलात.

घरी त्यावर एक शब्द नाही. शेवटच्या आजारातही नाही. मी तेव्हा गाडीच्या आरशात बघून केस सारखे करत होतो, मला काही दिसलंच नाही असं तुम्हाला वाटावं म्हणून. दिसलं होतं, आबा.