उष्णता देणाऱ्याला वजा का?

३ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.२०

नातीच्या केमिस्ट्रीच्या मास्तरांनी शिकवणी सोडली. घरात सगळ्यांचं म्हणणं, माझ्यामुळे. मी फक्त एक प्रश्न विचारला होता. ते हॉलमध्ये शिकवत होते, मी सोफ्यावर पेपर वाचत होते, आणि कान काही काढून कपाटात ठेवता येत नाहीत. म्हणाले, रासायनिक अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडली की आकड्यापुढे वजा लिहायचं, आत घेतली की अधिक. मी विचारलं, देणाऱ्याला वजा आणि घेणाऱ्याला अधिक? हे कुठल्या घरचं वळण? घसा खाकरून म्हणाले, बाई, वजा म्हणजे शिक्षा नव्हे. दिलं तेवढं त्याच्याजवळचं कमी झालं, इतकंच. मी म्हटलं, एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलंय, शेवटची सहा व्हाइस प्रिन्सिपल होते, मला बरंवाईट कळतं. आणि शर्टाचं वरचं बटण लावून आलात तर मुलीवर जास्त चांगला परिणाम होईल.

त्यांनी पुस्तक मिटलं. उद्यापासून येत नाही म्हणाले.

हल्ली लोकांना साधं बोललेलं सोसत नाही.

४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७

सूनबाई बोलत नाही. फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे पिरगाळते, घरी आल्यावर तोंड पिरगाळते. मुलगा म्हणाला, आई, या धड्यात तिला पंचवीसपैकी सात आहेत. चौदा तारखेला रीटेस्ट. त्यात नापास झाली तर कॉलेज सायन्स सोडायला लावेल, आणि तिला फार्मसीला जायचंय. दहा दिवसांत दुसरा मास्तर कुठून आणू?

मी म्हटलं, मी शिकवते.

मुलाने डोकं दोन्ही हातांत धरलं. आनंद माणसाला असाही होतो.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये केमिस्ट्री नव्हती, नीडलवर्क होतं. पण शिस्तीत वाढलेल्या माणसाला विषयाची अडचण येत नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून धडा वाचायचा. रोज सहा पानं.

५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९.४०

पावणेआठला उठले. घड्याळात दोष आहे. दीड पान वाचलं, सगळं समजलं. उष्णता सोडते ती अभिक्रिया उष्मादायी, उष्णता घेते ती उष्माग्राही. माणसांतही हेच दोन प्रकार. सूनबाई खोलीत आली की खोली गार पडते. ग्राही. मी मुळात शांत असल्यामुळे माझा प्रकार ठरेना, म्हणून नातीला विचारलं. म्हणाली, आजी, तू सुरू झालीस की आम्ही पंखा वाढवतो.

दायी. वाटलंच होतं. देणारीच मी पहिल्यापासून.

उरलेली साडेचार पानं उद्या.

६ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ४.१५

पहिला तास घेतला. नातीला सरळ बसवलं, केस बांधायला लावले, पेन्सिलीला टोक काढायला लावलं. पंचवीस मिनिटं गेली, पण पाया पक्का झाला.

शिकवलं ते असं: जी अभिक्रिया उष्णता आत घेते ती गरम लागते. ज्याने घेतलं तो गरम होणारच. साधा कॉमन सेन्स. नात म्हणाली, आजी, उलटं आहे, ती गार लागते. मी म्हटलं, मोठ्यांना मध्येच तोडायचं नसतं.

तेवढ्यात गुडघा ठणकायला लागला. सूनबाईने तिच्या क्लिनिकातली ती दाबायची पिशवी दिली. आतली पाण्याची पुडी फुटते, पाणी खाली क्षारावर पडतं आणि पिशवी बर्फासारखी होते. मी लगेच उदाहरण दिलं: बघ, ही पिशवी गारवा बाहेर टाकते. नात म्हणाली, गारवा असा टाकता येत नाही गं. क्षार विरघळताना पिशवी तुझ्या गुडघ्यातली उष्णता घेते, म्हणून तुला गार वाटतं.

माझ्या गुडघ्यातली. मला न विचारता.

पिशवी परत केली.

८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

वादात वेळ घालवण्यापेक्षा प्रयोग करायचं ठरवलं. विज्ञान पुराव्यावर चालतं. व्हिनेगर आणि खायचा सोडा घेतला. पुस्तक म्हणतं, तापमान खाली जायला हवं. थर्मामीटर म्हणून तापाचा घेतला, काचेचा, जुना, विश्वासाचा. सकाळी सूनबाईशी दोन शब्द झाल्यामुळे अंगात कणकण वाटत होती, म्हणून आधी माझाच ताप पाहिला. ९८.४. मग धुऊन, पुसून भांड्यात बुडवला. फेस ओट्यावरून खाली आला. पाच मिनिटं घड्याळ लावून थांबले.

९८.४.

नंतर भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजवून, पिळून बरणीत ठेवली. पुस्तकाप्रमाणे ती गंजताना गरम व्हायला हवी. अर्धा तास थर्मामीटर तिच्यात खुपसून ठेवला.

९८.४.

निष्कर्ष: सोड्याने उष्णता घेतली नाही, घासणीने दिली नाही. धडाच चुकीचा आहे. मुलीला सात मिळतील नाहीतर काय!

नात ओट्याला टेकून हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, आजी, हा थर्मामीटर झटकल्याशिवाय खाली येत नाही. मी म्हटलं, उपकरणाशी अशी झटापट करायची नसते. सूनबाईने जाता जाता भांड्यात बोट घातलं आणि म्हणाली, अहो आई, गार झालंय, हात लावून तरी बघा. मी म्हटलं, विज्ञानात बोटाला किंमत नाही, आकड्याला आहे.

ओटा मीच पुसला. कोणी पुढे आलं नाही.

९ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.३०

पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र लिहिलं. साडेतीन पानं, माझ्या उत्तम कर्सिव्हमध्ये. मुलगा म्हणाला, आई, चौदा तारीख होऊ दे, मग पाठव. मी म्हटलं, सत्याला तारीख नसते.

पोस्टाची पेटी तीन चौक लांब आहे आणि गुडघा दुखतोय. उद्या.

११ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ५.३०

नात मन लावून शिकते आहे. मी बोलत असताना भराभर लिहून घेते. तास संपला की वही घेऊन खोलीत जाते, दार लावते आणि दोन दोन तास पुस्तकात डोकं घालून बसते. सूनबाईला म्हटलं, एकतीस वर्षांचा अनुभव असा दिसतो. ती म्हणाली, हो, दिसतोय खरा.

आठ दिवसांतलं पहिलं सरळ वाक्य.

१३ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

शेवटचा तास. नातीला बजावलं, चिन्हाच्या बाबतीत डगमगू नकोस. देणारा अधिक. तपासणाऱ्याला पटलं नाही तर मी येऊन बोलेन. तिने मान हलवली. मग अचानक माझा हात धरून म्हणाली, आजी, मी नापास झाले तर तू मास्तरांशी भांडली होतीस म्हणून झाले, असं मी कुणाला म्हणणार नाही.

मी म्हटलं, नापास व्हायचा प्रश्नच नाही.

जेवले नाही नीट. भाजीत मीठ जास्त होतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २

आली. पेपर बरा गेला म्हणाली. चिन्हं कशी लिहिलीस विचारलं तर पाणी प्यायला गेली.

प्रश्नपत्रिका ताब्यात घेतली. मीही सोडवणार, एक तास लावून. शिक्षकाने स्वतः न सोडवलेला पेपर मुलीला देऊ नये, हे माझं जुनं तत्त्व. सोडवून झाला की सूनबाईच्या हाती त्याच मास्तरांकडे तपासायला पाठवणार. कळू दे त्यांना कुणाशी गाठ होती.

१५ सप्टेंबर, शनिवार. सकाळी १०.१५

पाठवला. चौथ्या प्रश्नात शंभर ग्रॅम पाण्याचं तापमान पंचवीसवरून एकतीस अंशांवर गेलं, तर किती उष्णता मिळाली ते काढायचं होतं. मी दीड पान उत्तर लिहिलं. परिच्छेद पाडून, सुरुवात आणि समारोपासकट. आकडा मुद्दाम टाकला नाही. विचार महत्त्वाचा.

तेवीस तरी पडावेत. दोन गुण अक्षराच्या वळणावरून कापतील.

१८ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६

नातीला एकोणीस! पास. सायन्स राहिलं. मी जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या दोन्ही घरांत सांगून आले, गुडघ्याची पर्वा न करता. शिकवलं कुणी, हेही सांगितलं.

वर आले तर मुलगा नातीला विचारत होता, एवढं जमलं कसं. ती म्हणाली, बाबा, आजीचं प्रत्येक वाक्य रोज पुस्तकात तपासावं लागायचं. कुठे चुकलंय, का चुकलंय, हे शोधता शोधता सगळा धडा पाठ झाला. नुसत्या मास्तरांकडे एवढं झालं नसतं.

दारातच थांबले जरा. शेवटचं वाक्य कौतुकाचं होतं, असं धरायला हरकत नाही.

नंतर सूनबाईने माझा पेपर दिला. पंचवीसपैकी तीन. चौथ्या प्रश्नासमोर लाल शाईत लिहिलंय: भाषा अप्रतिम. उष्णता सापडली नाही.

वर्तमानपत्र घेऊन बसले. उलटं धरलंय हे सूनबाईने सांगितलं. हळू सांगितलं, मुलासमोर नाही.

१९ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ८

मास्तरांना फोन केला. मी स्वतः. सॉरी म्हटलं, बटणाबद्दल सुद्धा. ते घसा खाकरून म्हणाले, सोमवारपासून येतो, पण तुम्ही तासाला सोफ्यावर बसायचं नाही. मी रागावणार होते, तोच म्हणाले, टेबलाशी बसा. वही घेऊन.

तोपर्यंतचा अभ्यास नातीने लावून दिलाय. एक वाक्य दहा वेळा.

उष्णता बाहेर गेली की वजा.
उष्णता बाहेर गेली की वजा.
उष्णता बाहेर गेली की वजा, आणि यात देणाऱ्याचा काही अपमान नाही.

तीन झाली. नात पाहून गेली. मार्जिन आखली नाही म्हणून परत पहिल्यापासून लिहायला सांगितलंय.