रंध्याखाली गेलेले आकडे

अप्पा, कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला एवढं सफाईदार काम करायला? मुलुंडचा हा लाकडी बंगला तुम्ही ऐन विशीत मिस्त्रीच्या हाताखाली उभा केलात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. पण तो विलायतेहून पुस्तकातलं चित्र बघून मागवलेला, सगळा सुटा, खोक्यांत भरून बोटीने आलेला, हे कधी बोलला नाहीत. ते मला आता, बंगला पाडायचा ठरल्यावर, कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं. त्या असल्या घरांचा इतिहास शोधतात. म्हणाल्या, "प्रत्येक फळीवर जोडणीचा आकडा असतो. तो दाखवता आला तर बंगला पाडू नका म्हणून अर्ज करता येईल." बंगला पडला की मागची आपली खोलीही जाणार, म्हणून या वयात बॅटरी घेऊन मी माळ्यावर चढले. तुळया बघितल्या, फळ्या बघितल्या. एक आकडा नाही! सगळीकडे तुमचा रंधा फिरलेला.

मग आठवलं. मी सात-आठ वर्षांची. तुम्ही व्हरांड्याची फळी बदलताय आणि मी तिच्यावर खडूने शाळेतले आकडे काढतेय. तुम्ही टाळक्यात टपली मारता. "खूण राहिली म्हणजे काम अर्धं राहिलं, समजलीस? सुताराची रेघसुद्धा दिसता नये." अहो, पण ते विलायती आकडे तुमचे नव्हते ना!

खाली येऊन बाईंना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अडाणी सुतार! सगळा पुरावा घालवला." तरी वही उघडून बसल्या. "बरं, वडील काय सांगायचे ते सांगा, तेच लिहून घेते." मी कसली सांगतेय! "अडाणी कोणाला म्हणता? इतक्या वर्षांत इथलं एक दार अडकलं नाही. निघा!" गेल्या बिचाऱ्या, अर्धा चहा तसाच टाकून.

शेजारीण म्हणते, "अगं, जाऊन माफी माग. तोंडाने घर घालवशील." कळतंय मला. बाई इथेच दोन गल्ल्या सोडून राहतात. तिथे जायचं टाळायला सकाळपासून हा कागद भरतेय, जो कुठे टाकायचाही नाही. गेले तर त्यांच्यासमोर बसून कबूल करावं लागेल, की माळ्यावर बॅटरी धरून तुम्हाला तोच 'अडाणी' शब्द आधी मी लावला होता.